जपानी व्याकरण : इंग्रजीचा फेरा आणि मराठीची वाट

यवतमाळच्या एखाद्या घरी भरदुपारी फोन करून पोरगं काय करतंय असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘जेवून राह्यलं.’ पुण्याचा माणूस ‘जेवतोय’ म्हणेल. जपानी माणूस म्हणतो, ‘ताबेते इरु’. ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, ‘ताबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘इरु’ म्हणजे असणे, राहणे. चालू असलेली क्रिया सांगायला प्रमाण मराठी ‘जेवत’ हे रूप वापरते, तर वऱ्हाडी बोली ‘ऊन’चं रूप घेऊन त्यापुढे ‘राहणे’ जोडते. जपानीची बांधणी नेमकी तशीच आहे. या दोन भाषांचं काही नातं आहे असा दावा भाषाशास्त्र करत नाही आणि तसं समजण्याचं कारणही नाही. पण दारव्हा, दिग्रस, पुसदकडच्या मुलाला ‘ताबेते इरु’ शिकवायचं असेल, तर आधी इंग्रजीतला ‘आयएनजी’ शिकवून मग त्यावरून जपानीकडे न्यायची गरज काय, हा प्रश्न मात्र रास्त ठरतो.

मराठी मुलखात जपानी शिकण्याची गोष्ट बहुतेक वेळा पुण्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्याला कारणही आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, जपानी भाषेच्या शिक्षकांची संघटना आणि जपानी कंपन्यांमधलं काम यांमुळे त्या शहरात या भाषेची मोठी परंपरा उभी राहिली. विदर्भाचा जपानशी संबंध मात्र वेगळ्या वाटेने आला. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि त्यांच्या संप्रदायाच्या मंत्राचे शब्द सेवाग्रामच्या प्रार्थनेत आले, ते आजही तिथे म्हटले जातात. मूळचे जपानचे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई अनेक दशकं नागपूरच्या बौद्ध चळवळीत राहिले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ साली जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने उभं राहिलं. म्हणजे जपानी माणूस विदर्भाला अनोळखी नाही. त्याची भाषा मात्र इथे अजून फारशी पोहोचलेली नाही.

आता ती पोहोचण्याची निकड आली आहे, कारण प्रश्न रोजगाराचा आहे. जपानमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचं प्रमाण सुमारे २९ टक्के आहे आणि काम करणारे हात कमी पडत आहेत. त्या देशाने एप्रिल २०१९ मध्ये ‘तोकुतेइ गिनो’, म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला. भारताशी त्याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल, अन्नप्रक्रिया अशी क्षेत्रं त्यात येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून ५० हजार कुशल आणि होतकरू माणसं जपानला जावीत असं धरलं आहे. या व्हिसासाठी साधारणपणे जेएलपीटी या जपानी भाषा-क्षमता परीक्षेची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा लागते. जेएफटीत २५० पैकी २०० गुण मिळाले की माणूस उत्तीर्ण. शुश्रूषेच्या कामाला त्या क्षेत्रातल्या जपानीची आणखी एक परीक्षा द्यावी लागते. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात नर्सिंग, आयटीआय किंवा शेतकी पदविका केलेल्या मुलामुलींना ही वाट खुणावणार, हे उघड आहे.

खुणावणाऱ्या वाटेवर ‘तीन महिन्यांत जपानी’च्या जाहिरातीही उभ्या असतात, म्हणून थोडा हिशेब हवा. जेएलपीटी १९८४ साली सुरू झाली आणि २०१० पासून ती एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्यांवर होते. जुन्या पद्धतीत सर्वांत खालच्या पातळीसाठी सुमारे १५० तासांचा अभ्यास, १०० कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं) आणि ८०० शब्द धरले जात. त्यावरच्या पातळीला ३०० तास, ३०० कांजी आणि १५०० शब्द. आजच्या एन-५ आणि एन-४ चा अंदाज अजूनही याच आकड्यांवरून बांधला जातो. रोज एक तास दिला तर एन-४ पर्यंत जायला वर्षाच्या आसपास लागतं, तेही उजळणी न चुकवता. एन-५ ला १८० पैकी ८० गुण पुरतात, पण ऐकण्याच्या ६० पैकी किमान १९ आणि उरलेल्या १२० पैकी किमान ३८ मिळालेच पाहिजेत. परीक्षेत बोलायचं नसतं, लिहायचंही नसतं; पर्याय निवडायचे असतात. त्यामुळे प्रमाणपत्र हाती येऊनही तोंड उघडत नाही, अशी अवस्था होऊ शकते.

सुरुवात लिपीपासून होते आणि तिथेच मराठी मुलाची पहिली घोडदौड व्हायला हवी. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं आहेत. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेशी हे जुळणं निव्वळ योगायोग नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृत ध्वनिविचार जपानला गेला आणि त्या अभ्यासातून हा क्रम घडला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इसवी सन ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा इथल्या तोदाइजीच्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी त्याच्या हातून झाला, इतकी ही ये-जा जुनी आहे. क-च-ट-त-प या चालीत ‘च’च्या जागी ‘सा’ का आणि ‘प’च्या जागी ‘हा’ का, असा प्रश्न चौकस मुलगा विचारतो. उत्तर असं, की जुन्या जपानीत ‘हा’च्या ओळीचा उच्चार ‘पा’सारखा होता, ध्वनी बदलला, पण जागा तीच राहिली.

उच्चारांतही मराठी हाताशी येते. इंग्रजी शिकवणी ‘त्सु’ समजवताना अडखळते. मराठी माणसाने चूल, चुना यांतला ‘च’ उच्चारावा. ‘झु’साठी ‘जुना’मधला ‘ज’ आहे. जपानीतला ‘न्’ पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: वर्तमानपत्राला ‘शिम्बुन’, फिरायला जाण्याला ‘साम्पो’. अनुस्वाराचा परसवर्ण शाळेत शिकलेल्याला हे नवं नाही. उलट ल आणि ळ जपानीत नाहीत, त्यामुळे काताकानात यवतमाळच्या शेवटी ‘रु’ येतो. कान तयार करावा लागतो तो ऱ्हस्वदीर्घासाठी. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. आपण लिहिताना ऱ्हस्वदीर्घाचा घोळ घातला तरी बोलताना निभावून जातं. जपानीत अर्थच बदलतो.

व्याकरणाच्या गाभ्यात शिरलं की मराठीचा उपयोग सर्वांत जास्त होतो. समजा कुणी म्हणालं, ‘यवतमाळहून नागपूरला बसने जातो.’ जपानीत ‘यवतमाळ कारा नागपूर नि बासु दे इकिमास’. ‘हून’च्या जागी ‘कारा’, ‘ला’च्या जागी ‘नि’, ‘ने’च्या जागी ‘दे’ आणि शेवटी क्रियापद. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. ‘पर्यंत’ला ‘मादे’ आहे, ‘चा-ची-चे’ला एकटा ‘नो’ आहे. कर्त्याचं नाव सांगितलं नाही तरी चालतं, जसं वरच्या मराठी वाक्यात ‘मी’ नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य शेवटापासून उलगडत न्यावं लागतं. मराठी शाळेत प्रथमा ते संबोधन पाठ केलेल्या मुलासाठी जपानी निपात म्हणजे विभक्तीचं ओळखीचं कोष्टक आहे, फक्त प्रत्यय सुटे लिहिलेले.

इंग्रजी टिपणांतून येणारा एक खास गोंधळ इथे जवळून पाहण्यासारखा आहे. ‘मला जपानी समजतं’ हे जपानीत ‘वाताशी वा निहोंगो गा वाकारिमास’ असं होतं. इंग्रजीत ‘मी’ कर्ता आणि ‘जपानी’ कर्म. मग कर्माला ‘ओ’ हा निपात न लागता ‘गा’ का लागला, म्हणून अपवादांची यादी पाठ करवली जाते: आवडणे, नावडणे, येणे, समजणे, हवं असणे. मराठीकडे पाहिलं तर त्यात अपवाद काहीच नाही. मला आंबा आवडतो, मला पोहता येतं, मला सायकल हवी. ज्याला आवडतं तो बाजूला ‘ला’ घेऊन उभा असतो आणि वाक्याचा कर्ता आंबाच असतो. वऱ्हाडीत तर ‘मले आवडते’ इतकं सहज. जपानी भाषा हीच मांडणी करते. जे वाक्य मूल रोज बोलतं, ते त्याला अपवाद म्हणून घोकायला लावणं हा वेळेचा अपव्यय आहे.

‘वा’ आणि ‘गा’ यांतला फरक मात्र सगळ्यांनाच छळतो आणि त्यावर झटपट उपाय नाही. ‘वा’ हा विषय मांडतो, ‘गा’ त्या विषयाबद्दलच्या विधानातला कर्ता दाखवतो. मिकामी आकिरा या व्याकरणकाराने १९६० साली हत्ती आणि त्याची लांब सोंड एवढ्याच एका वाक्यावरून अख्खं पुस्तक लिहिलं. इथल्या मुलासाठी उदाहरण इथलंच घ्यावं: ‘यवतमाळ वा नात्सु गा आत्सुइ देस’. यवतमाळचं म्हणाल तर उन्हाळा कडक. ‘म्हणाल तर’ हा जो सूर आहे, तो ‘वा’ सांभाळतो. नवी माहिती देताना, ‘कोण आलं?’ला उत्तर देताना ‘गा’ येतो. एवढी खूणगाठ बांधली की पहिले काही महिने निभतात. बाकीचं वाचनातून येतं.

क्रियापदाकडे वळलं की आणखी एक ओळखीची गोष्ट दिसते. ‘योमु’ म्हणजे वाचणे. याचं नकारार्थी रूप योमानाइ, नम्र रूप योमिमास, मूळ रूप योमु, ‘वाचलं तर’साठी योमेबा, ‘वाचू या’साठी योमोओ. मा, मि, मु, मे, मो. धातूचं शेवटचं अक्षर बाराखडीच्या ओळीतून चालत जातं, एवढाच हा नियम. रोमन अक्षरांत तो तुकड्यांत दिसतो, देवनागरीत एका दृष्टिक्षेपात. दुसऱ्या गटातली ‘ताबेरु’सारखी क्रियापदं तर याहून सोपी, त्यांचा ‘रु’ काढून प्रत्यय लावायचा. ‘सुरु’ म्हणजे करणे आणि ‘कुरु’ म्हणजे येणे ही दोनच क्रियापदं पूर्ण अनियमित आहेत. पुरुषाप्रमाणे बदल नाही, लिंगाप्रमाणे नाही, वचनाप्रमाणेही नाही. मी गेलो, ती गेली, ते गेले या सगळ्यांना एकच ‘इकिमाश्ता’.

खरी मौज ‘ते’ रूपात आहे. हे रूप बनवायचे नियम पाठ करावेच लागतात (योमु-योन्दे, काकु-काइते, काउ-कात्ते) आणि बहुतेक वर्गांत ते गाण्याच्या चालीवर घोकले जातात. पण एकदा ‘ते’ म्हणजे आपलं ‘ऊन’ हे ध्यानात आलं, की पुढची दारं आपोआप उघडतात. खाऊन बघणे हे ‘ताबेते मिरु’; ‘मिरु’ म्हणजे पाहणे. लिहून ठेवणे हे ‘काइते ओकु’; ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. खाऊन टाकलं हे ‘ताबेते शिमात्ता’. घेऊन ये, घेऊन जा हेही तसंच. घराबाहेर पडताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ वाटतं. तो ‘येतो’ किंवा ‘जाऊन येतो’ म्हणतो. जपानी माणूस उंबऱ्यावर रोज म्हणतो, ‘इत्ते किमास’. जाऊन येतो. इंग्रजी पुस्तकाला या दोन शब्दांखाली टीप द्यावी लागते, मराठी आईला लागत नाही.

हे साम्य भाषाशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटलेलं नाही. कॉलिन मासिका यांनी १९७६ च्या ग्रंथात भारतीय भाषांची शब्दक्रम, प्रयोजक क्रियापदं, ‘ऊन’सारखी रूपं, संयुक्त क्रियापदं आणि ‘मला आवडतं’सारख्या रचना ही वैशिष्ट्यं घेऊन त्यांचा पसारा आशियात कुठवर जातो हे तपासलं. जपानी-मराठी तुलनेत प्रशांत परदेशी यांचं काम महत्त्वाचं आहे. तोक्योच्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेत त्यांनी सकर्मक-अकर्मक क्रियापदांच्या जोड्यांचा जगभरच्या भाषांसाठी कोश उभा केला. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा मराठी जोड्या आणि ओचिरु-ओतोसु, कोवारेरु-कोवासु अशा जपानी जोड्या शेजारी ठेवल्या की त्या कामाचं मोल कळतं. हे संशोधन विद्यापीठांच्या कपाटांत आहे. एन-५ च्या वर्गापर्यंत ते पाझरलेलं नाही, हीच मुख्य तक्रार आहे.

विशेषणात्मक वाक्यांचंही तसंच. ‘काल आईने केलेली भाकरी’ हे जपानीत ‘किनोओ हाहा गा त्सुकुत्ता भाकरी’. वर्णन आधी, वस्तू नंतर. इंग्रजीत ते वर्णन ‘दॅट’ किंवा ‘विच’ने मागून जोडावं लागतं. आणि वाक्याच्या टोकाला ‘का’ लावून प्रश्न, ‘ने’ लावून ‘हो ना?’, ‘यो’ लावून ‘बरं का’. बोलण्यातला हा ओलावा मराठीला समजावून सांगावा लागत नाही.

एवढं सगळं जुळतं म्हणून बेफिकीर राहिलं, तर मराठीच पाय ओढते. पहिला फटका ‘इरु’चाच. ‘ताबेते इरु’ जेवून राह्यलं आहे, पण ‘शिन्दे इरु’ म्हणजे मरून राह्यलं नव्हे; मेलेलं आहे. ‘इत्ते इरु’ म्हणजे जाऊन राह्यला नव्हे. गेलेला आहे, तिकडेच आहे. ज्या क्रिया क्षणात घडतात, त्यांच्यापुढचा ‘इरु’ झालेली स्थिती सांगतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या उदाहरणाचा आनंद जितका होईल, तितकी दुसऱ्यात गफलत होण्याची शक्यता आहे, म्हणून दोन्ही एकाच तासाला शिकवावीत.

दुसरी गफलत ‘त’ची. शाळेत आहे आणि शाळेत खेळतो, दोन्हीकडे आपला एकच ‘त’. जपानीत असण्याला ‘नि’ आणि करण्याला ‘दे’. शिवाय ‘आहे’चे दोन भाग: जिवंतासाठी ‘इरु’, निर्जीवासाठी ‘आरु’. अनेक विशेषणंही क्रियापदासारखी चालतात. आत्सुइ म्हणजे गरम आहे, आत्सुकुनाइ म्हणजे गरम नाही, आत्सुकात्ता म्हणजे गरम होतं, आत्सुकुनाकात्ता म्हणजे गरम नव्हतं. मराठीत ‘होतं’ वेगळं लिहून भागतं, इथे शब्दाच्या पोटातच काळ बसतो.

आकडे सोपे आणि मोजणी अवघड. तेवीस म्हणजे ‘नि-जू-सान’, दोन-दहा-तीन. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ आणलं तेव्हा केवढा वाद झाला; जपानीत सगळेच आकडे त्या चालीचे आहेत. पण दहा हजाराचं एकक ‘मान’ असल्यामुळे एक लाख हे दहा ‘मान’ होतात आणि पगाराचा आकडा ऐकताना डोक्यात गणित करावं लागतं. माणसं, कागद, पुस्तकं, पेन्सिली यांना मोजायचे शब्द निरनिराळे. आपल्याकडे एकटा, दोघे, तिघे आहे तसं तिथे हितोरी, फुतारी आहे. लांब वस्तूंना मात्र इप्पोन, निहोन, साम्बोन. तिथे पाठांतराशिवाय गत्यंतर नाही.

आदरार्थी भाषेची कसोटी सर्वांत नाजूक. तू, तुम्ही, आपण यांच्यावर वाढलेल्या मुलाला आदर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, पण जपानीत आदर ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ यांवर ठरतो. आपण परक्याला सांगतो, ‘आमचे साहेब आलेत.’ जपानी कर्मचारी बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाचं नाव ‘सान’ न लावता घेतो आणि त्याच्यासाठी नम्र क्रियापद वापरतो. स्वतःच्या आईला परक्यासमोर ‘हाहा’, दुसऱ्याच्या आईला ‘ओकाआसान’. देण्याघेण्याची क्रियापदंही याच रेषेवर चालतात: मी दुसऱ्याला देतो ते ‘आगेरु’, दुसरा मला देतो ते ‘कुरेरु’. वृद्धाश्रमात काम करायला जाणाऱ्या मुलीसाठी हा भाग व्याकरणाचा शेवटचा धडा असून चालणार नाही.

साहित्याचा तुटवडा आहे असं म्हणता येणार नाही. १९९८ साली निघालेलं ‘मिन्ना नो निहोंगो’ भारतातल्या बहुतेक वर्गांचा कणा आहे. दोन भागांत ५० धडे, पहिले २५ झाले की एन-५ चं व्याकरण जवळपास संपतं. दिल्लीचे गोयल प्रकाशन त्याची भारतीय आवृत्ती काढतात. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, दुकान, दवाखाना, कचऱ्याचे नियम इथपर्यंत, आणि ते फुकट उतरवून घेता येतं. एनएचके वर्ल्डचे ध्वनिधडे हिंदीत आहेत. यवतमाळच्या मुलाने सुरुवात करायची तर ‘इरोदोरी’ आणि एनएचकेपासून करावी आणि पैसे वाचवून ते परीक्षेसाठी ठेवावेत. पुणे आणि मुंबई ही जेएलपीटीची जुनी केंद्रं आहेत. डिसेंबरच्या परीक्षेसाठी रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास, मुक्काम आणि फी हा खर्च शिकवणीइतकाच जड असतो.

खेड्यातल्या शाळेला हे झेपेल का, या शंकेला संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटने उत्तर दिलं आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना कोणती परदेशी भाषा शिकायची असं विचारलं, तेव्हा रोबोटच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली. पुढे ऑनलाइन वर्ग मिळाले आणि पोरं आपसांत जपानीत बोलू लागली. यवतमाळमध्ये तर मराठी, वऱ्हाडी, बंजारा, गोंडी, कोलामी, झरी-पांढरकवड्याकडे तेलुगू असं कानावर पडतं. या सगळ्याच भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतात. पाटणबोरीची किंवा मारेगावची मुलगी घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलते. तिच्यासमोर जपानी वाक्य थेट तिच्या भाषेतून मांडलं, तर इंग्रजीच्या भीतीने ती पहिल्याच आठवड्यात वर्ग सोडणार नाही.

त्यासाठी शे-दीडशे पानांचं एक मराठी व्याकरण-पुस्तक पुरे. त्यात पहिल्या धड्यात वर्णमाला आणि गोजूओन, म्हणजे जपानी अक्षरांचा तक्ता, शेजारीशेजारी, दुसऱ्यात विभक्ती आणि निपात, तिसऱ्यात ‘मला आवडतं’, चौथ्यात ‘ऊन’ आणि ‘ते’. प्रत्येक धड्याच्या अखेरीस मराठी कुठे फसवते त्याची उदाहरणं. आणि सगळीकडे हिरागानाखाली पहिले दोन महिने देवनागरी, मग तीही नाही. पुण्यातल्या अनुभवी शिक्षकांकडे यासाठीचं ज्ञान आहे, अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांकडे वर्गखोल्या आहेत आणि शुश्रूषेचा अभ्यासक्रम घेतलेल्या मुली जिल्ह्यात आजच आहेत.